विधिपात्र की कलावस्तू? : ज्यू धार्मिक उपकरणींच्या घडणीचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

ज्यू धर्मविधींत वापरल्या जाणाऱ्या उपकरणींचा संग्रह करून त्यांचा कलावस्तू म्हणून अभ्यास करण्याची परंपरा फारशी जुनी नाही. पॅरिस येथे १८७८ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात इझाक स्ट्रॉस या संगीतकाराने आपल्या खासगी संग्रहातील दीप, चषक, तोरा-ग्रंथाची आभूषणे इत्यादी वस्तू मांडल्या आणि विद्वानांचे लक्ष या विषयाकडे वळले. १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अँग्लो-ज्युईश ऐतिहासिक प्रदर्शन भरले. १८९५ मध्ये व्हिएन्ना येथे पहिले ज्यू संग्रहालय स्थापन झाले. न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयाचा पाया १९०४ साली मेयर सुल्झबर्गर या न्यायाधीशांनी दिलेल्या अवघ्या २६ वस्तूंनी घातला गेला.

या उपक्रमांमागे एक प्रतिवादाची भूमिका होती. दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेने मूर्ती घडविण्यास मनाई केली असल्याने ज्यू समाजाला दृश्यकलाच नाही, असे मत एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वत्तेत बऱ्यापैकी रूढ होते. त्याला उत्तर म्हणून संग्राहकांनी जे पुढे केले ते चांदीचे, नक्षीदार, घडविणाऱ्याची मुद्रा असलेले आणि शैलीवरून कालनिश्चिती करता येईल असे होते. उत्तर प्रभावी ठरले खरे. परंतु ते देताना प्रतिपक्षाचे मोजमाप निमूटपणे स्वीकारले गेले. गॉथिक, बरोक, रोकोको या युरोपीय शैलींच्या चौकटीत जे बसते तेच पाहण्याजोगे, हा निकष त्या दिवसांपासून या अभ्यासाला चिकटला तो आजतागायत पूर्णतः सुटलेला नाही.

ज्यू धर्मशास्त्राने आपल्या उपकरणींची जी श्रेणी लावली आहे आणि संग्रहालयांनी व लिलावगृहांनी जी लावली आहे, त्या दोन्ही एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत, हा प्रस्तुत लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे. ही उलटापालट लक्षात न घेता केलेली घडणीची चर्चा वस्तूच्या पृष्ठभागावरच थांबते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन श्रेणी

तालमूदच्या ‘मेगिला’ या प्रकरणात उपकरणींचे दोन वर्ग केलेले आहेत. पहिला वर्ग आज्ञापालनाला साहाय्य करणाऱ्या वस्तूंचा : सुक्का म्हणजे सणाचा मांडव, लुलाव ही खजुराची डहाळी, शोफार हे शिंगाचे वाद्य, वस्त्राच्या कोपऱ्यांचे गोंडे म्हणजे त्झित्झित. विधी पार पडला की या वस्तू टाकून देता येतात. दुसरा वर्ग पावित्र्याला साहाय्य करणाऱ्या वस्तूंचा : तोराच्या गुंडाळीचे वेष्टन, तेफिल्लीनची म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बांधावयाच्या चामडी पेट्यांची पिशवी व वाद्या, मेझुझाचे म्हणजे दारचौकटीवर लावावयाच्या लेखाचे आवरण. या जीर्ण झाल्या तरी टाकता येत नाहीत. त्या ‘गेनिझा’त ठेवाव्या लागतात किंवा पुराव्या लागतात. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून जपणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. मात्र येथे पावित्र्य येते ते विधीतून नव्हे, तर लिखित नामाच्या सान्निध्यातून, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

या वर्गीकरणाचे फलित चमत्कारिक आहे. हनुक्काचा चांदीचा दीप कितीही भव्य असला तरी तो पहिल्या, म्हणजे खालच्या वर्गात पडतो. उलट तोराच्या गुंडाळीला बांधलेली सुती पट्टी दुसऱ्या, म्हणजे वरच्या वर्गात जाते. दीप मोडीत घालता येईल, पट्टी मात्र पुरावी लागेल. संग्रहालयात याच्या नेमके उलट घडते. दीप काचेच्या कपाटात मध्यभागी असतो आणि पट्टी, प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून का होईना, कोठारातील खणात असते.

या श्रेणीच्या शिखरावर अर्थातच तोराची गुंडाळी आहे, आणि तिच्या बाबतीत घडविणाऱ्याला स्वातंत्र्य जवळजवळ नाही. भक्ष्य मानलेल्या प्राण्याच्या कातड्यावर, आखलेल्या ओळींवर, हाताने लिहिलेली परंपरेने मोजलेली ३,०४,८०५ अक्षरे. कातड्याचे तुकडे जोडण्यासाठी प्राण्याच्याच स्नायूंचा धागा. स्वरचिन्हे नाहीत, चित्र नाही. एखादे अक्षर जरी तुटले तरी दुरुस्ती होईपर्यंत गुंडाळी वाचनास अपात्र. शास्त्राची सारी कठोरता येथे खर्ची पडली आहे. ज्यात ही गुंडाळी ठेवायची त्याच्या आकाराविषयी मात्र शास्त्र जवळपास मौन बाळगते. जे केंद्र आहे ते अचल आणि जे आवरण आहे ते स्थळकाळानुसार मोकळे, ही रचना ध्यानात घेतली म्हणजे येमेनपासून पोलंडपर्यंत एकाच उपकरणाची इतकी निरनिराळी रूपे का दिसतात, याचा उलगडा होतो.

या मोकळिकीला शास्त्राने प्रोत्साहनही दिले आहे. ‘हिद्दूर मित्झ्वा’ म्हणजे आज्ञेला शोभा आणणे, ही संकल्पना तालमूदमध्ये ‘निर्गम’ ग्रंथातील एका वचनाच्या आधारे मांडली आहे. सुक्का असावा तर सुंदर, शोफार असावे तर सुंदर, तोराची गुंडाळी असावी तर सुंदर, असा त्या चर्चेचा आशय आहे. ‘बाबा कामा’ प्रकरणात तर या शोभेसाठी एक-तृतीयांश अधिक खर्च करावा अशी मर्यादाही घातलेली आढळते. सौंदर्याला किती दाम द्यावा याचे प्रमाण धर्मशास्त्राने ठरवून द्यावे, ही गोष्ट सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

निषेधातून आकार

तथापि ‘केंद्र बद्ध, आवरण मुक्त’ एवढेच म्हणून थांबणे योग्य नाही. आवरणांचे जे उत्तम नमुने आहेत त्यांचा आकार कोणत्या ना कोणत्या निषेधातून निघालेला दिसतो.

‘याद’ हे वाचनदर्शकाचे उदाहरण घ्यावे. ‘याद’ म्हणजे हात. चांदीची, लाकडाची किंवा हस्तिदंताची एक सडपातळ काठी, तिच्या टोकाला मिटलेली मूठ आणि पुढे केलेली तर्जनी. गुंडाळीच्या उघड्या चर्मपत्राला उघड्या हाताने स्पर्श करू नये, असा दंडक आहे. दुसरीकडे, स्वरचिन्हे नसलेला मजकूर चुकविता वाचायचा तर ओळीवर बोट ठेवणे भाग. बोट ठेवायचे आणि बोट लावायचे नाही, या पेचातून एक धातूचे बोट निर्माण झाले. त्यावरील नक्षी जर्मन की इराणी हा प्रश्न गौण नाही. पण तो नंतरचा आहे.

हनुक्काच्या दीपाची घडण तर संपूर्णपणे अशा नियमांनी बांधलेली आहे. आठ रात्रींसाठी आठ ज्योती हव्यात. त्या एकमेकींत मिसळून शेकोटीसारख्या दिसता कामा नयेत. तशा दिसल्या तर त्या एक ज्योत म्हणूनही गणल्या जात नाहीत, असे तालमूद सांगते. म्हणून प्रत्येक वातीला वेगळी वाटी. या ज्योतींच्या प्रकाशाचा कामासाठी उपयोग करणे निषिद्ध. म्हणून ‘शम्माश’ म्हणजे सेवक नावाची नववी ज्योत, जिच्या उजेडात वावरण्यास हरकत नाही. ती इतरांपासून वेगळी कळावी म्हणून उंच किंवा बाजूला. दीप दाराशी लावून चमत्काराची ग्वाही जगाला द्यायची, पण संकटकाळी घरातल्या मेजावर ठेवला तरी चालतो. भिंतीला टांगायच्या दीपाला पाठफळी आली, आणि ती पाठफळी हेच कारागिराचे मोकळे अंगण ठरले. इटलीतील ओतीव पितळेच्या पाठफळीवर प्रबोधनकाळातील आकृती आल्या, मोरोक्कोत घोड्याच्या नालासारख्या कमानी आल्या, पोलंडमध्ये सिंह आणि कठडे आले, बगदादी ज्यूंकडे चंद्रकोर, तारा व हाताचा पंजा आला आणि कड्यांत अडकविलेल्या काचेच्या वाट्या आल्या. सजावट बदलत गेली. आठ आणि एक हा हिशेब बदलला नाही.

याच संदर्भात सप्तशाखी मेनोराचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. जेरुसलेमच्या मंदिरातील दीपवृक्षाची धातूतील हुबेहूब प्रतिकृती करू नये, असा निषेध तालमूदमध्ये आहे. त्यामुळे ज्यू दृश्यपरंपरेत सर्वांत अधिक वेळा काढलेली, कोरलेली, रंगविलेली वस्तू हीच सर्वांत कमी वेळा घडविली गेलेली वस्तू ठरली. दुरा-युरोपोस येथील तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रांत ती आहे. रोममधील टायटसच्या कमानीवर, विजेत्यांच्या मिरवणुकीत लुटीचा माल म्हणून ती आहे. आणि १९४९ मध्ये इस्रायलने स्वीकारलेल्या राजमुद्रेवर त्या कमानीवरील आकृतीच्याच आधारे ती पुन्हा आली आहे. पराभवाच्या स्मारकावरून राज्याचे चिन्ह उचलावे, यामागचा राजकीय अर्थ उघड आहे. घडणीच्या दृष्टीने पाहता मूळ वस्तू नाहीशी झाली आणि तिची प्रतिकृती वर्ज्य ठरली, म्हणूनच शत्रूने केलेले शिल्प प्रमाण मानावे लागले.

शब्बाथ संपताना होणाऱ्या ‘हवदाला’ विधीतील सुगंधपात्राची कथा थोडी निराळी आहे. शास्त्राला हवा आहे तो केवळ सुवास. पात्राची अट नाही. पूर्वी मर्टल या सुगंधी झुडपाची डहाळी वापरत. मर्टलचे हिब्रू नाव ‘हदास’, आणि जर्मन प्रदेशातील जुन्या सुगंधपात्रांनाही त्यावरूनच नाव पडले. मध्य युरोपात या पात्राने मनोऱ्याचा आकार घेतला. न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयात फ्रँकफर्ट येथील सुमारे १५५० सालचे असे एक पात्र आहे. १६५१ मध्ये त्याची दुरुस्ती झालेली आहे. हा मनोरा ख्रिस्ती चर्चमधील पात्रांवरून उचलला, असे म्हणून अनेक अभ्यासक विषय संपवितात. आकार उसना आहे हे मान्य. पण इतर शेकडो आकार उपलब्ध असताना हाच का, हा प्रश्न उरतो. गॉथिक मनोऱ्याला जाळीदार खिडक्या असतात, आणि बंद पात्रातील लवंग-दालचिनीचा वास बाहेर यायला जाळीच लागते. उसनवारीतही निवड असते आणि निवडीला कारण असते. शैलीचा इतिहास लिहिताना हे कारण हरवते.

कारागीर कोण?

‘ज्यू कला’ या शब्दप्रयोगाचीच अडचण येथे उभी राहते. जर्मन शहरांत सोनार-चांदीकारांच्या श्रेणींमध्ये ज्यूंना प्रवेश नव्हता. परिणामतः फ्रँकफर्टमधील सतराव्या-अठराव्या शतकांतील अनेक उत्कृष्ट ज्यू उपकरणी योहान व्हॅलेंटिन श्यूलर, येरेमियास त्झोबेल यांच्यासारख्या ख्रिस्ती कारागिरांनी घडविल्या. येमेनमध्ये उलट परिस्थिती होती. तेथे चांदीकाम हा प्रामुख्याने ज्यूंचा व्यवसाय आणि गिऱ्हाईक मुख्यतः मुसलमान. वसाहतकालीन न्यूयॉर्कमधील मायर मायर्स (१७२३–१७९५) या ज्यू चांदीकाराने न्यूपोर्टच्या सिनेगॉगसाठी तोराची शिरोभूषणे घडविली आणि प्रेस्बिटेरियन चर्चसाठी बाप्तिस्म्याचे पात्रही घडविले. तेव्हा कारागिराच्या धर्मावरून वस्तूचा धर्म ठरविणे अशक्य आहे. जर्मन भाषक प्रदेशात तर चांदीच्या साखरदाण्या एत्रोग हे सणाचे फळ ठेवण्यासाठी सर्रास वापरल्या जात. एत्रोगच्या टोकाचा देठ मोडला तर फळ विधीला चालत नाही. म्हणून ते मऊ तागात गुंडाळून झाकणाच्या डबीत जपायचे. साखरदाणी त्या कामाला उत्तम. ती घडली साखरेसाठी, आणि विधिपात्र झाली ती वापरामुळे.

तोराच्या शिरोभूषणांना ‘रिम्मोनीम’ म्हणजे डाळिंबे म्हणतात. त्यांच्या घुंगरांचा आणि डाळिंबांचा संबंध प्रमुख पुरोहिताच्या अंगरख्याच्या काठाशी आहे. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जोडी सिसिलीतील काम्माराता येथील, पंधराव्या शतकातील. ती स्पेनमधील पाल्मा दे माजोर्का येथील कॅथेड्रलच्या खजिन्यात आहे. नाव डाळिंबाचे, आकार चौकोनी बुरुजाचा, कमानी मूरिश धाटणीच्या आणि कोरलेली अक्षरे हिब्रू. १४९२ च्या हद्दपारीच्या आज्ञेने स्पेनच्या सत्तेखालील सिसिलीतूनही ज्यू समाज नाहीसा झाला. जोडी टिकली ती वापरणाऱ्यांच्या हातून निसटल्यामुळे, ही वस्तुस्थिती पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

चांदीच्या या इतिहासात हमखास मागे पडते ती ‘विम्पेल’ नावाची पट्टी. जर्मनी व आल्सास भागात सोळाव्या शतकापासून ही प्रथा आढळते. मुलाच्या सुंतेच्या वेळी जे कापड त्याला गुंडाळले जाई, ते धुऊन, चार पट्ट्यांत कापून, जोडून त्याची सुमारे तीन मीटर लांबीची पट्टी करीत. तिच्यावर मुलाचे व पित्याचे नाव, जन्मतिथी, कधी राशिचिन्ह आणि हा मुलगा तोरा, विवाहमंडप व सत्कृत्ये यांच्यासाठी वाढो, असा आशीर्वाद भरतकामाने, पुढील काळात रंगानेही, लिहिला जाई. मूल चालू-बोलू लागले की ही पट्टी सिनेगॉगला अर्पण करायची आणि ती तोराच्या गुंडाळीला बांधायची. बाळाचे दुपटे सर्वोच्च पावित्र्याच्या निकट पोचते. शास्त्राच्या श्रेणीत चांदीच्या दीपाच्याही वर जाते. त्यावरील कशिदा बहुधा घरातील स्त्रियांच्या हातचा. ज्या परंपरेत तोराच्या सार्वजनिक वाचनापासून स्त्री दूर होती, त्या परंपरेत त्याच गुंडाळीभोवती तिने शिवलेली अक्षरे बांधली जात. विम्पेलवर कारागिराची मुद्रा नसते, म्हणून तिला लिलावात किंमत कमी. पण एका गावातील दोनशे वर्षांची जन्मनोंद तिच्यावर असू शकते. कोणत्याही चषकावर ती नसते.

वापरणारेच न उरल्यावर

संग्रहालयीन दृष्टीवर टीका करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विसाव्या शतकात या वस्तू वाचल्या त्या पुष्कळदा संग्रहालयांमुळेच. डान्झिगच्या ज्यू समाजाने १९३९ मध्ये स्थलांतराच्या खर्चासाठी आपली मालमत्ता विकताना सिनेगॉगमधील उपकरणी न्यूयॉर्कला पाठविल्या. अट अशी होती की १५ वर्षांनंतर डान्झिगमध्ये सुरक्षित आणि स्वतंत्र ज्यू समाज असेल तर त्या परत कराव्यात, नसेल तर त्या अमेरिकेतील लोकांच्या शिक्षणासाठी तेथेच ठेवाव्यात. १५ वर्षे संपली तेव्हा परत घेणारे कोणी नव्हते.

प्राग येथील उदाहरण याहूनही विदारक आहे. तेथील ज्यू संग्रहालय १९०६ मध्ये स्थापन झाले होते. १९४२ पासून नाझी अंमलाखाली बोहेमिया-मोराव्हियातील दीडशेहून अधिक समुदायांच्या उपकरणी तेथे आणून ओतल्या गेल्या. त्यांची वर्गवारी करून नोंदपत्रे भरण्याचे काम ज्यू तज्ज्ञांकडूनच करून घेतले गेले, आणि त्यांतील बहुतेकांना पुढे छावण्यांत पाठवून ठार करण्यात आले. नोंदपत्रे मात्र काटेकोर आहेत : गाव, वस्तू, द्रव्य, माप, सुलेखाची प्रत. आज आपण ज्याला वस्तूचे शास्त्रीय वर्णन म्हणतो त्याचा हा एक नमुनाच. या नोंदपत्रांत जे नाही ते म्हणजे वस्तू कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, कशी वापरली जाई हे. आणि ते सांगू शकणारे लोकच गाडीत भरून नेले जात होते. १९५० मध्ये संग्रहालय सरकारी मालकीचे झाले. १९९४ मध्ये ते पुन्हा ज्यू समाजाच्या हाती आले.

याच संग्रहातील १,५६४ तोरा-गुंडाळ्या १९६४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगकडे पोचल्या. दुरुस्त होण्याजोग्या गुंडाळ्या दुरुस्त करून जगभरच्या सिनेगॉगांना वापरासाठी देण्यात आल्या. दुरुस्त न होणाऱ्या गुंडाळ्यांबाबत परंपरेचा संकेत त्या पुराव्यात असा आहे. येथे मात्र त्या स्मृती म्हणून जपल्या गेल्या. प्रस्तुत लेखकाला हा निर्णय योग्य वाटतो. तरीही त्यामुळे वस्तूची जात बदलली, हे नाकारता येत नाही : जी वाचण्यासाठी होती ती पाहण्यासाठी झाली.

आधुनिक घडणीचे दोन मार्ग

विसाव्या शतकात या उपकरणींची जाणीवपूर्वक नवी घडण करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील दोहोंचा येथे विचार करू. बोरिस शात्झ यांनी १९०६ मध्ये जेरुसलेम येथे बेझालेल ही कलाशाळा काढली. तिचे नाव बायबलमधील उपासनामंडपाच्या कारागिरावरून घेतलेले. येमेनी चांदीकारांचे तारकाम, दमास्कस पद्धतीचे जडावकाम आणि युरोपातील त्या काळची वेलबुट्टीची ‘आर नुव्हो’ शैली यांचा मिलाफ तेथे झाला. झेएव राबान यांच्यासारखे कुशल अभिकल्पक तिला लाभले. पण बेझालेलच्या वस्तूंत उंट, खजुराची झाडे, जेरुसलेमची दृश्ये यांची इतकी दाटी आहे की त्या विधीपेक्षा देशाविषयीच अधिक बोलतात. हनुक्काचा दीप आधी राष्ट्राचे चित्र होतो आणि मग दीप. शिवाय दूरदेशीच्या ज्यूंना पवित्र भूमीची आठवण विकणे ही संस्थेची आर्थिक गरजही होती. शाळा १९२९ मध्ये बंद पडली आणि १९३५ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली.

दुसरा मार्ग लुडविग येहुदा वोल्पर्ट (१९००–१९८१) यांचा. फ्रँकफर्ट येथे १९३० मध्ये त्यांनी वल्हांडणाच्या भोजनासाठी जे पात्र घडविले ते चांदी, आबनूस आणि काच यांचे आहे. तीन मत्झांसाठी तीन थर, वर प्रतीकात्मक पदार्थांसाठी लहान काचेची पात्रे, नक्षी शून्य. बाउहाउसचा प्रभाव म्हणून त्याचे वर्णन केले जाते आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या विवेचनाच्या संदर्भात त्याचे महत्त्व वेगळे आहे. वोल्पर्ट यांनी विधीचा हिशेब हाच आकार मानला. जे काम निनावी कारागिरांनी ‘याद’च्या बाबतीत केले, तेच त्यांनी जाणीवपूर्वक केले. १९३३ मध्ये ते पॅलेस्टाइनला गेले, नव्या बेझालेलमध्ये शिकविले आणि १९५६ पासून न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयातील कार्यशाळा चालविली. त्यांच्या नंतरच्या कामात हिब्रू अक्षरे ही सजावट न राहता पात्राची रचनाच होतात. पत्रा कापून अक्षरे आणि अक्षरांनी भिंत. अक्षराला अग्रस्थान देणाऱ्या परंपरेत हा निर्णय सुसंगत होय. मात्र नव्या विधिपात्रांची कार्यशाळा संग्रहालयाच्याच छपराखाली असावी, यातील विसंगतीकडे त्यांच्या प्रशंसकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

मलिदाचे ताट

वर मांडलेल्या दोन श्रेणींची खरी कसोटी लागते ती ज्या समाजाकडे चांदीही फारशी नव्हती आणि शास्त्रग्रंथांचा संपर्कही दीर्घकाळ क्षीण होता अशा समाजाच्या बाबतीत. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्रायल हा असा समाज आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शब्बाथला घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. समाज आपल्या मराठीत त्याला ‘मशीद’ म्हणत आला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंनी आपली ‘तीक’ म्हणजे गुंडाळी उभी ठेवून वाचण्याची घट्ट पेटी सोबत आणली. पुण्याच्या ‘लाल देवळा’चा, म्हणजे ओहेल डेव्हिडचा, किंवा भायखळ्याच्या मागेन डेव्हिडचा उल्लेख ज्यू कलेच्या इतिहासात होतो तो या बगदादी वैभवासंदर्भात. बेने इस्रायलांच्या वाट्याला येतो तो मराठी हग्गादा : १८७४ साली पुण्यात निघालेल्या या वल्हांडण-पोथीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. चित्र असल्यामुळे ती पोथी दर्शनीय ठरली.

या समाजाचा सर्वांत स्वतःचा म्हणावा असा विधी म्हणजे मलिदा. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात, प्रवासाहून सुखरूप परतल्यावर एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया याचे स्मरण करून हा विधी होतो. ताटात भिजविलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा यांचे मिश्रण, आणि सोबत फळे. एलियाचा अग्निरथ कोकणात उतरला अशी श्रद्धा असून अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा त्या रथाच्या मानल्या जातात.

एलियाशी संबंधित दोन उपकरणी जगभरच्या ज्यू संग्रहालयांत आढळतात. एक सुंतेच्या वेळी रिकामी ठेवायची त्याची खुर्ची, दुसरा वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी भरून ठेवायचा चषक. दोन्हींवर स्वतंत्र निबंध आहेत. तिसरी उपकरणी म्हणजे मलिदाचे ताट, आणि ते या मालिकेत क्वचितच येते. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमने भारतातील ज्यूंवर भरविलेले प्रदर्शन आणि त्यासोबत १९९५ मध्ये ओर्पा स्लापाक यांच्या संपादनाखाली निघालेला ग्रंथ हा सन्माननीय अपवाद. असे का व्हावे, याचे कारण वरील दोन्ही श्रेणींत आहे. शास्त्राच्या दृष्टीने मलिदा ही आज्ञा नव्हे, ‘मिन्हाग’ म्हणजे रूढी. म्हणून ताटाला पावित्र्यही नाही आणि आज्ञापालनाचा दर्जाही नाही. संग्रहालयाच्या दृष्टीने ते स्वयंपाकघरातले, बाजारात मिळणारे ताट. त्यावर ना सुलेख ना मुद्रा. विधी झाला की ते घासून फळीवर जाते.

तरीही घडणीच्या दृष्टीने पाहिले तर हे ताट काटेकोर आहे. झाडाच्या फळांसाठी एक आशीर्वचन, जमिनीतून उगवणाऱ्यांसाठी दुसरे, धान्यासाठी तिसरे, सुवासासाठी चौथे, हा भेद तालमूदकालीन आहे, आणि मलिदाच्या ताटात या भेदांना उत्तर देणारा पदार्थ असावा लागतो. मध्यभागी पोह्यांची रास आणि भोवती फळे ही मांडणी म्हणजे आशीर्वचनांची यादीच डोळ्यांपुढे ठेवणे होय. हनुक्काच्या दीपात जसा आठ आणि एकचा हिशेब, तसा येथे आशीर्वचनांचा. फरक इतकाच की येथे आकार धातूला दिलेला नसून अन्नाला दिलेला आहे, आणि तो तासाभरात वाटून संपतो.

बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. भारतात उरलेल्यांची संख्या काही हजारांवर येऊन ठेपली आहे, आणि त्यांतील बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात आहेत. ताट जतन करण्याची आवश्यकता नाही. तसे ताट कोठेही मिळेल. नोंदवायला हवे ते एवढेच की अलिबाग, पेण, पनवेलच्या कोणत्या घरांत ते कोण मांडते, कोणते फळ मोसमात नसेल तर त्याऐवजी काय ठेवतात, कोणते आशीर्वचन कोणत्या पदार्थावर आणि कोणत्या क्रमाने म्हटले जाते, आणि या सगळ्यासाठी घरात मराठीतले कोणते शब्द वापरले जातात. प्रागच्या नोंदपत्रांत नेमका हाच रकाना नव्हता.